आदर्श घरातलं भय : प्रस्तावना

आयरा लेव्हिनची 'द स्टेपफर्ड वाइव्ज्' ही कादंबरी १९७२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. जेमतेम दीडशे पानांची. जोआना एबरहार्ट नावाची छायाचित्रकार नवरा वॉल्टर आणि दोन मुलांसह न्यूयॉर्क शहर सोडून कनेक्टिकट राज्यातल्या स्टेपफर्ड या उपनगरात राहायला येते. शाळा चांगल्या, हवा स्वच्छ, हिरवळ नीट कापलेली, शेजारी सभ्य. तिथल्या बायकांना मात्र कशालाही वेळ नसतो. कॉफीला ये म्हटलं तर एकीची फरशी राहिलेली असते, दुसरीची इस्त्री. त्यांचे नवरे संध्याकाळी टेकडीवरच्या जुन्या वास्तूत, 'मेन्स असोसिएशन'मध्ये जमतात. तिथे बायकांना मज्जाव. जोआनाला बॉबी आणि शार्मेन या दोन बोलक्या, हसऱ्या मैत्रिणी मिळतात. काही दिवसांनी शार्मेन बदलते. मग बॉबी बदलते. शेवटी जोआना. गावातले पुरुष बायकांना मारून त्यांच्या जागी हुबेहूब तशीच दिसणारी आज्ञाधारक यंत्रं आणतात, असा उलगडा वाचकाला होत जातो.

हे रहस्य केव्हाच जगजाहीर झालं आहे, म्हणून ते इथे राखून ठेवलेलं नाही. शिवाय लेव्हिनने ते पुराव्यानिशी सिद्ध केलेलंच नाही. जोआनाचा संशय, वर्तमानपत्राची काही कात्रणं आणि हातात सुरी घेऊन उभी असलेली बॉबी, एवढ्यावर तो थांबतो. त्यानंतर जोआना दिसते ती थेट सुपरमार्केटमध्ये, सामानाची गाडी ढकलताना, नीटनेटकी आणि शांत. फोटोग्राफी आता फारशी करत नाही, म्हणते. मधला सगळा प्रसंग त्याने गाळला आहे.

या संग्रहातल्या लेखांची मतं एकमेकांशी जुळतातच असं नाही, तेव्हा माझं मत आधीच सांगून टाकलेलं बरं. या कादंबरीतलं खरं भय संमतीचं आहे. शिकलेली, सुस्वभावी, मुलांना शाळेत सोडणारी, बायकोशी वाद घालताना तिचं म्हणणं ऐकून घेणारी माणसं एका खोलीत बसतात आणि ठरवतात. यंत्र बनवणं हा पुढचा, तांत्रिक भाग. मराठी वाचकाला भयकथा नवी नाही. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी दोन पिढ्यांची झोप उडवली आहे. पण ज्या भयकथेत वाडा, स्मशान, शाप, अघोरी विद्या यांतलं काहीही नाही, जिथे सगळं लख्ख उजेडात घडतं आणि दोषी माणूस जेवणानंतर भांडी पुसू लागतो, तिच्याबद्दल आपल्याकडे फार कमी लिहिलं गेलं आहे. हा संग्रह त्यासाठी आहे.

स्टेपफर्ड समजायचं तर अमेरिकेचं उपनगर म्हणजे काय हे आधी समजून घ्यायला हवं. आपण उपनगर म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर बोरिवली किंवा मुलुंड येतं: लोकल, गर्दी, खालीच वाणी, वर-खाली शेजार. तिथलं उपनगर याच्या नेमकं उलट असतं. दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांना १९४४च्या कायद्याने स्वस्त गृहकर्जाची हमी मिळाली. १९४७ पासून लेव्हिट कंपनीने न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर एकसारखी घरं कारखान्यातल्या मालासारखी उभारायला सुरुवात केली. काही वर्षांत १७,०००हून अधिक घरांचं लेव्हिटाउन तयार झालं आणि देशभर त्याची नक्कल झाली. १९५६च्या कायद्याने महामार्गांचं जाळं विणलं जाऊ लागलं. नवरा सकाळी गाडीने किंवा आगगाडीने शहरात जाई आणि बायको दिवसभर त्या घरात. चालत जाण्यासारखं काही नाही. कोपऱ्यावर दुकान नाही, ओट्यावर बसलेली सासू नाही, जिन्यात भेटणारी शेजारीण नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतं ते समोरच्या घराचं स्वयंपाकघर.

या घरांना आणखी एक कुंपण होतं. लेव्हिटाउनच्या सुरुवातीच्या करारांत ती घरं गोऱ्यांखेरीज कुणी वापरू नयेत अशी अट होती. पेनसिल्व्हेनियातल्या लेव्हिटाउनमध्ये १९५७ साली विल्यम आणि डेझी मायर्स हे पहिलं कृष्णवर्णीय कुटुंब राहायला आलं, तेव्हा त्यांच्या घरासमोर रात्रीमागून रात्र जमाव उभा राहिला. आदर्श घर, आदर्श शेजार, आदर्श बायको या तिन्ही कल्पना एकाच मुशीतून निघाल्या होत्या. म्हणून लेव्हिनने स्टेपफर्डमध्ये अखेरीस हेन्ड्री हे कृष्णवर्णीय कुटुंब आणून ठेवलं, आणि कादंबरीचा शेवट रूथॅन हेन्ड्रीच्या नजरेतून सांगितला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ती बालसाहित्य लिहिते. गावातल्या बायका तिच्याशी थंडपणे वागतात तेव्हा तिला आधी वर्णद्वेषाची शंका येते. तिच्या अनुभवाला धरून ती शंका रास्तच आहे. तिची पाळी येणार आहे हे वाचकाला कळतं, तिला कळत नाही.

घरात यंत्रं आली म्हणजे बाईचं काम कमी झालं, असा त्या काळचा विश्वास होता. १९५९ साली मॉस्कोतल्या अमेरिकी प्रदर्शनात निक्सन आणि ख्रुश्चेव्ह यांची शाब्दिक चकमक झाली ती एका नमुना स्वयंपाकघरात. अमेरिकी गृहिणीच्या कपडे धुण्याच्या यंत्रावरून दोन महासत्तांची तुलना चालली होती. पण जोआन व्हॅनेक हिने १९७४ साली दाखवून दिलं की नोकरी न करणाऱ्या अमेरिकी गृहिणी १९६०च्या दशकात घरकामाला जेवढे तास देत होत्या, ते १९२०च्या दशकापेक्षा कमी नव्हते. रूथ श्वार्ट्झ कोवनने १९८३च्या पुस्तकात याचं कारण उलगडलं: यंत्र आलं की स्वच्छतेची अपेक्षा वाढते, धोबी आणि गडी नाहीसे होतात, आणि पूर्वी चौघांत वाटलेलं काम एकटीवर येतं. इंग्लंडमध्ये ॲन ओकलीने लंडनच्या ४० गृहिणींच्या मुलाखती घेतल्या तेव्हा आठवड्याची सरासरी निघाली ७७ तास. स्टेपफर्डच्या बायका कायम कामात का दिसतात, हे या आकड्यांवरून कळतं. लेव्हिनने जे अमानुष म्हणून रंगवलं, ते जिवंत बायका करतच होत्या.

भयकथेच्या परंपरेत घर फार जुनं आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस ॲन रॅडक्लिफच्या कादंबऱ्यांत तरुण मुलगी किल्ल्यात कोंडली जाते. पेरोच्या १६९७च्या ब्ल्यूबिअर्डच्या गोष्टीत नवी नवरी मनाई असलेली खोली उघडते आणि आतमध्ये आधीच्या बायका सापडतात. 'जेन एअर'मध्ये माळ्यावर पहिली बायको असते. एलन मोअर्स या समीक्षिकेने १९७६ साली या प्रवाहाला स्त्रियांची गॉथिक परंपरा म्हणून स्वतंत्र ओळख दिली. या सगळ्यांत मी क्षणभर थांबेन ती शार्लट पर्किन्स गिलमनच्या 'द यलो वॉलपेपर'पाशी. १८९२ची ही कथा. बाळंतपणानंतर खचलेल्या एका बाईला तिचा डॉक्टर नवरा विश्रांतीसाठी माळ्यावरच्या खोलीत ठेवतो. लिहायचं नाही, विचार करायचा नाही. ती भिंतीवरच्या पिवळ्या कागदाकडे बघत राहते, आणि तिला नक्षीमागे गजांआड रांगणारी बाई दिसू लागते. गिलमनने स्वतः फिलाडेल्फियाच्या वेअर मिचेल या नामांकित डॉक्टरकडे हाच उपचार घेतला होता. कथेतला नवरा दुष्ट नाही. तो तिला लाडाने हाक मारतो, काळजी घेतो, आणि तिच्या कुठल्याही म्हणण्यावर विश्वास ठेवत नाही. वॉल्टरचा हा थेट पूर्वज.

दुसरी पूर्वज शर्ली जॅक्सन. तिची 'द लॉटरी' १९४८ साली 'न्यूयॉर्कर'मध्ये आली आणि संतापलेल्या वाचकांची शेकडो पत्रं आली. प्रसन्न सकाळ, ओळखीची माणसं, गावातली जुनी प्रथा, आणि शेवटी दगड. भय शेजाऱ्यांच्या सौजन्यात दडवता येतं हे तिने दाखवलं. जॅक्सन चार मुलांची आई होती. घरसंसारावर हलकेफुलके लेखही ती लिहीत असे. त्यांतल्या एका प्रसंगात ती बाळंतपणासाठी इस्पितळात गेली आहे. नोंद करणारी कारकून व्यवसाय विचारते. ही सांगते, लेखिका. कारकून म्हणते, मी गृहिणी असं लिहून टाकते. हा प्रसंग विनोदी लेखातला आहे, पण तिच्याच 'द हाँटिंग ऑफ हिल हाउस'ची बीजं मला तिथेच दिसतात.

जवळच्या माणसाच्या जागी तसाच दिसणारा परका येतो ही कल्पना जॅक फिनीने १९५५च्या 'द बॉडी स्नॅचर्स'मध्ये वापरली होती. आणि पुरुषाने आपल्या पसंतीची बाई घडवायची, ही त्याहून कितीतरी जुनी. ओव्हिडचा पिग्मॅलियन मूर्तीच्या प्रेमात पडतो. हॉफमनच्या १८१६च्या कथेतला नायक ऑलिम्पिया या बाहुलीवर जीव टाकतो, कारण ती त्याचं ऐकत राहते. लेव्हिनने हे सगळे धागे एकत्र आणले आणि वर त्याच्या काळातलं तंत्रज्ञान बसवलं. डिस्ने कंपनीने १९६४च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात उभा राहून भाषण करणारा यांत्रिक लिंकन दाखवला होता. लाखोंनी तो पाहिला. स्टेपफर्डच्या मेन्स असोसिएशनचा अध्यक्ष डेल कोबा आधी डिस्नेलँडमध्ये कामाला असतो, हे म्हणूनच वाचकांना लगेच पटलं.

आता १९७२ हे साल. बेटी फ्रीडनचं 'द फेमिनिन मिस्टीक' १९६३ साली आलं होतं. १९५७ मध्ये स्मिथ कॉलेजातल्या आपल्या वर्गमैत्रिणींना तिने प्रश्नावली पाठवली होती. उत्तरांतून तिला दिसलं की शिकलेल्या, सुखवस्तू, उपनगरात राहणाऱ्या या बायकांना काहीतरी सलतं आहे आणि ते काय, हे त्यांना सांगता येत नाही. १९६६ साली नॅशनल ऑर्गनायझेशन फॉर विमेन स्थापन झाली. २६ ऑगस्ट १९७० रोजी, स्त्रियांच्या मताधिकाराला पन्नास वर्षं झाली त्या दिवशी, हजारो बायका न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर उतरल्या. मार्च १९७२ मध्ये समान हक्कांची घटनादुरुस्ती सिनेटमध्ये मंजूर झाली आणि राज्यांकडे गेली. तिथे ३८ राज्यांची संमती हवी होती. विरोधात फिलिस श्लाफ्लीने मोहीम उघडली आणि ती मोहीम गृहिणींच्याच नावाने चालली. मुदतीत ३५ राज्यांपलीकडे ती दुरुस्ती गेली नाही.

या चळवळीत एकच सूर नव्हता, आणि नवख्या वाचकाने हे ध्यानात ठेवावं. फ्रीडन आणि तिच्या सहकाऱ्यांना बाईसाठी शिक्षण, नोकरी, कायद्याची समानता हवी होती. घर तेच, फक्त दार उघडं. केट मिलेट आणि शुलामिथ फायरस्टोन यांनी १९७० साली याच्या पुढे जाऊन कुटुंबसंस्थाच मुळातून तपासायला घेतली. लग्न, संभोग, बाळंतपण हे सगळं त्यांच्या लेखी राजकारण होतं. तिसरीकडे सेल्मा जेम्स, मारियारोसा दल्ला कोस्ता, सिल्व्हिया फेडेरिची यांनी १९७२ मध्येच घरकामाला वेतनाची मागणी पुढे आणली. कारखान्यात जाणारा कामगार ज्या श्रमांवर रोज उभा राहतो त्यांची किंमत कोण मोजतं, हा त्यांचा प्रश्न होता. आणि या तिन्ही सुरांना उत्तर देत बेल हुक्सने १९८४ साली विचारलं, फ्रीडनच्या बायका घराबाहेर पडल्यावर त्यांच्या घरातली फरशी कोण पुसणार? कृष्णवर्णीय आणि गरीब गोऱ्या बायका तर केव्हापासून घराबाहेर काम करतच होत्या. स्टेपफर्डची कादंबरी यांतल्या कुठल्या सुरात वाचायची, यावर समीक्षकांत आजही एकमत नाही. फ्रीडनच्या वाटेने ती वाचली तर तो कोंडलेल्या बाईचा आक्रोश ठरतो. फेडेरिचीच्या वाटेने वाचली तर पुरुषांनी बिनपगारी कामगाराचा संप कायमचा मिटवला, असा अर्थ निघतो. मला दुसरं वाचन अधिक भेदक वाटतं. पण त्यातही स्टेपफर्डच्या बायका कधी संघटित होत नाहीत, ही उणीव उरतेच.

खुद्द लेव्हिनने कादंबरीच्या सुरुवातीला सिमोन द बोव्हारचं अवतरण छापलं, आणि गोष्टीत फ्रीडनला आणून बसवलं. जोआनाला जुन्या वर्तमानपत्रातली बातमी सापडते: स्टेपफर्डमध्ये एके काळी विमेन्स क्लब होता आणि बेटी फ्रीडन तिथे भाषणाला येऊन गेली होती. ज्यांनी तो क्लब चालवला, त्याच बायका आता फरशी चमकवताना दिसतात. माझ्या मते कादंबरीतलं सर्वांत थंड करणारं पान हेच. गाव मागासलेलं असतं, तर आपण सुटलो असतो. इथे चळवळ आली होती, रुजली होती, आणि मग ती पुसून टाकण्यात आली.

वॉल्टरकडे जरा जवळून पाहायला हवं. कादंबरीच्या आरंभी जोआना नव्या शेजाऱ्यांसाठी असलेल्या बातमीपत्राला सांगते की तिला स्त्रीमुक्ती चळवळीत रस आहे आणि तिच्या नवऱ्यालाही. ते खोटं नाही. मेन्स असोसिएशनमध्ये बायकांना प्रवेश नाही हे वॉल्टरलाही खटकतं. तो तिला समजावतो की आत शिरूनच हे बदलता येईल. पहिल्या बैठकीहून तो परत येतो त्या रात्री जोआनाला जाग येते. शेजारी तो अस्वस्थ आहे, उत्तेजित आहे, त्याला झोप येत नाही. तिला कारण कळत नाही. आपल्यालाही पहिल्या वाचनात कळत नाही. काय विकायला ठेवलंय ते त्याने त्या रात्री पाहिलेलं असतं.

त्यानंतर असोसिएशनच्या काही सभासदांची बैठक एबरहार्टांच्या घरीच भरते. जोआना बैठकीत बसते, मतं मांडते, तिला बरं वाटतं. त्याच वेळी आइक मॅझार्ड हा नावाजलेला चित्रकार तिची रेखाटनं करत असतो: डोळे, ओठ, मान, वेगवेगळ्या कोनांतून. तिला संकोच वाटतो आणि थोडं सुखावल्यासारखंही. पुढे क्लॉड ॲक्सहेल्म येतो. वेगवेगळ्या भागांतल्या उच्चारांचा अभ्यास करतोय म्हणतो. शब्दांची आणि अक्षरांची लांबलचक यादी आणि टेपरेकॉर्डर देऊन जातो. जोआना ते शब्द वाचून भरून देते. कुठेही जबरदस्ती नाही. चेहरा तिने दिला, आवाज तिने दिला. शेवटी बर्फात तिला गाठणारे पुरुषही आरडाओरडा करत नाहीत. ते समजुतीने बोलतात, तिच्या शंकेचं निरसन करायची तयारी दाखवतात, बॉबीचं बोट कापून रक्त येतं का ते पाहा म्हणतात. त्याआधी वॉल्टरने तिला मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला सुचवलेलं असतं. ती गेलेलीही असते. आपला अनुभव आपण नीट सांगू शकत नाही आणि ऐकणारा तो आजार मानतो, ही गिलमनपासूनची कोंडी इथे पुरी होते. लेव्हिनच्याच १९६७च्या 'रोझमेरीज बेबी'चा सांगाडाही हाच आहे, फक्त तिथे सैतान आहे. सैतान वगळल्यामुळे 'स्टेपफर्ड' मला अधिक धाडसी वाटते.

उपहास कुठे आहे असं कुणी विचारील. तो वाक्यांत आहे. लेव्हिनची भाषा कोरडी, जलद, जाहिरातीच्या भाषेला खेटून चालणारी आहे. साबण, मेण, पावडर यांची नावं तो अशा सरळपणे घेतो की वस्तू आणि बाई यांच्यातलं अंतर कमी होत जातं. शार्मेनची टेनिसची आवड मोठी. ती बदलल्यावर तिचं टेनिस कोर्ट उखडून तिथे नवऱ्यासाठी गोल्फची हिरवळ केली जाते. हे दृश्य एका परिच्छेदात उरकलं आहे, आणि लेखक त्यावर एक शब्दही बोलत नाही.

१९७५ साली ब्रायन फोर्ब्जच्या दिग्दर्शनाखाली चित्रपट आला. पटकथा विल्यम गोल्डमनची, जोआना झाली कॅथरिन रॉस. कादंबरीत जे गाळलं होतं ते चित्रपटाने दाखवलं: जोआनासमोर तिचीच प्रतिकृती येऊन उभी राहते, रिकाम्या काळ्या डोळ्यांची. प्रेक्षकांच्या मनात स्टेपफर्ड रुतलं ते या प्रसंगामुळे. स्वतः फ्रीडन मात्र एका खास खेळातून उठून गेली. चळवळीचा बाजार मांडला आहे असा तिचा आरोप होता. मला तो आरोप चित्रपटाला काही अंशी लागू पडतो असं वाटतं, कादंबरीला नाही. २००४ साली निकोल किडमनला घेऊन फ्रँक ऑझने तोच विषय विनोदी केला आणि शेवटी सगळ्या कारस्थानाचा दोष एका बाईवर टाकला. कादंबरीचा कणाच त्याने काढून घेतला. हेच लोकव्यवहारातही झालं आहे. अमेरिकेत 'स्टेपफर्ड वाइफ' ही शिवी झाली आणि ती गुळगुळीत हसणाऱ्या, घर नीट ठेवणाऱ्या बाईला देतात. ज्या पुरुषांनी तिचा जीव घेतला त्यांच्यासाठी असा एकही शब्द रुळला नाही.

कादंबरीवरचे आक्षेपही खरे आहेत. लेखक पुरुष आहे आणि त्याच्या बायका हरण्यासाठीच निर्माण झाल्या आहेत, हा एक. तिथल्या घरांत मोलकरणी दिसत नाहीत, आई-सासू दिसत नाहीत, म्हणून तिची भीती एका वर्गापुरती आहे, हा दुसरा. पहिल्याशी मी पूर्ण सहमत नाही. दुसऱ्याला माझ्याकडे उत्तर नाही. जोआनाने विकलेलं एक छायाचित्र मला या संदर्भात आठवतं: रिकामी टॅक्सी न थांबता निघून गेल्यावर तिच्याकडे जळजळीत नजरेने पाहणारा चांगल्या पोशाखातला कृष्णवर्णीय तरुण. लेव्हिनला वर्ग आणि वर्ण दिसत होते. रूथॅनचा शेवट सोडला तर त्याने ते कॅमेऱ्याच्या चौकटीपुरते ठेवले. जॉर्डन पीलने 'गेट आउट' या २०१७च्या चित्रपटात ती चौकट मोडली. सभ्य, उदारमतवादी गोऱ्या घरात कृष्णवर्णीय माणसाचं शरीर बळकावलं जातं. या चित्रपटामागे लेव्हिनच्या 'रोझमेरीज बेबी' आणि 'स्टेपफर्ड' या दोन्ही गोष्टी आहेत हे पीलने स्वतः सांगितलं आहे.

स्त्री लेखकांनी हा वारसा वेगळ्या अंगाने नेला. अँजेला कार्टरने १९७९ साली ब्ल्यूबिअर्डची गोष्ट उलटवली आणि नवरीच्या सुटकेला तिची आई घोड्यावरून आणली. फे वेल्डनची १९८३ची नायिका स्वतःच स्वतःची शस्त्रक्रिया करवून सवतीची प्रतिकृती होते. मार्गारेट ॲटवुडच्या 'द हँडमेड्स टेल'मध्ये स्टेपफर्डचं एका राष्ट्रात रूपांतर झालं आहे. हान कांगच्या 'द व्हेजिटेरियन'मध्ये सोलमधली एक साधी गृहिणी मांस खाणं सोडते, आणि एवढ्यावरून सगळं कुटुंब तिच्या अंगावर धावून येतं. कारमेन मारिया मचाडोच्या एका कथेत बायका हळूहळू पारदर्शक होत नाहीशा होतात. बर्निस मर्फीने २००९ साली उपनगरी गॉथिकवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. हे दालन आता विद्यापीठांतही स्थिरावलं आहे.

मग हे आज मराठीत का? एक कारण पडद्यावर रोज दिसतं. गव्हाचं पीठ मळत, फुलाफुलांचा झगा घालून नवऱ्याच्या आज्ञेत सुख मानणाऱ्या अमेरिकी तरुणींच्या चित्रफिती मोबाइलवर लाखो लोक पाहतात. ही त्यांची निवड असेल तर आक्षेप कुणी घ्यावा, असा वाद होतो. लेव्हिन त्या वादात एक नेमका प्रश्न घालतो: हे कोणाच्या सोयीचं आहे, आणि तिने उद्या नाही म्हटलं तर काय होईल? दुसरं कारण तंत्रज्ञानाचं. घरात ठेवलेल्या बोलक्या यंत्रांना बाईचा गोड, न रागावणारा आवाज दिला गेला. काही मिनिटांच्या ध्वनिमुद्रणावरून कुणाचाही आवाज आणि छायाचित्रांवरून चेहरा आता उभा करता येतो. क्लॉडची शब्दयादी विज्ञानकथा राहिलेली नाही.

तिसरं कारण आपल्या घरातलं आहे. स्टेपफर्डसारख्याच न्यू जर्सी, कनेक्टिकटच्या उपनगरांत आज मराठी कुटुंबं राहतात. नवऱ्याच्या एच-१बी व्हिसामागे एच-४ व्हिसावर गेलेल्या मुलींत इंजिनिअर आहेत, डॉक्टर आहेत, प्राध्यापक आहेत. २६ मे २०१५ पर्यंत त्यांना तिथे नोकरी करायची परवानगीच नव्हती, आणि त्यानंतरही ती मिळाली ती नवऱ्याचा ग्रीन कार्डाचा अर्ज एका टप्प्यापुढे गेलेल्यांनाच. गाडी चालवता येईपर्यंत घराबाहेर पडता येत नाही. इकडे फोनवर आई विचारते, दिवसभर काय करतेस. तिथे कुणी कुणाला मारत नाही. पण कायदा, रस्ते आणि घराची रचना मिळून शिकलेल्या बाईला कसं घरात बसवू शकतात, हे ज्यांनी भोगलं आहे त्यांना जोआनाची पहिली साठ पानं समजावून द्यावी लागणार नाहीत. आजवर या अनुभवाची भयकथा मराठीत फारशी लिहिली गेलेली नाही. ती कुणीतरी लिहावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

या पुस्तकात कादंबरीचा अनुवाद नाही आणि सारांशही नाही. इथे एका कादंबरीला मध्यभागी ठेवून तिच्या मागचं आणि पुढचं लिखाण, चित्रपट, घरांचे नकाशे, जाहिराती, घरकामाचं अर्थशास्त्र यांकडे पाहिलं आहे. काही लेख साहित्यसमीक्षेचे आहेत, काही वास्तुरचनेचे, एक-दोन निखळ वाचकांचे. स्त्रीवादाची परिभाषा शक्य तिथे टाळली आहे आणि जिथे टाळता आली नाही तिथे त्या त्या जागीच समजावली आहे. लेव्हिनची बाजू घेणारे आणि त्याला खोडून काढणारे, दोघांनाही जागा दिली आहे. भारतीय उदाहरणं ओढूनताणून आणलेली नाहीत. ती जोड वाचकाने आपल्या अनुभवातून लावावी.

वाचकांना एवढीच विनंती आहे की हे पुस्तक उघडण्याआधी कादंबरी वाचावी. दोन संध्याकाळी पुरतात. संपली की पुन्हा पहिल्या पानावर यावं, आणि या वेळी जोआनाला सोडून फक्त वॉल्टरवर नजर ठेवावी: तो केव्हा उशिरा घरी येतो, केव्हा भांडी घासायला पुढे होतो, आणि कोणत्या दिवसापासून बायकोशी वाद घालणं थांबवतो.